संदेशाखालचं नाव

“यात चूक कुठे आहे, तेवढं दाखवा सर.”

शलाकाने फोन पुढे केला. मुतवल्ली सरांनी चष्मा लावला. कोल्हापुरात हयातभर इंग्रजी शिकवून ते निवृत्त झाले होते. शलाका चौगुले त्यांची जुनी विद्यार्थिनी. पुढे ती धातुशास्त्रात विद्यापीठात पहिली आली आणि आता शिरोलीच्या एका फाउंड्रीत, लोखंडाच्या ओतकामाच्या कारखान्यात, मालाची गुणवत्ता सांभाळत होती.

“चूक नाही,” सर म्हणाले.

“मग कोणी उत्तर का देत नाही? लिंक्डइनवर देशोदेशीच्या तज्ज्ञांना पाठवलाय हा मेसेज. माझं इंग्रजी गावठी वाटत असणार.”

“हे इंग्रजी तुझं आहे?”

“...फोनकडून नीट करून घेतलं. पण म्हणणं माझंच.”

सरांनी पुन्हा वाचलं. मी एक डायनॅमिक, पॅशनेट प्रोफेशनल असून आपल्या बहुमोल नेटवर्कशी जोडली जाण्यास उत्सुक आहे...

मग एका बोटाने, सावकाश, त्यांनी खालचं तिचं नाव खोडलं. तिथे स्वतःचं टाइप केलं. फोन तिच्यासमोर धरला.

“बघ. मलाही बसतं.”

शलाकाने खालचं नाव वाचलं.

“आणि मी जन्मात भट्टी पाहिलेली नाही.”

तिची कानशिलं तापली. उठून चालतं व्हावं, असं वाटलं. पण जाऊन करणार काय? फाउंड्रीतून गेलेला माल परत येत होता आणि सगळ्यांचं बोट तिच्याकडे होतं. ती बसून राहिली.

“तुला विचारायचंय काय त्यांना?”

“लोखंडात छिद्रं येतात, सर. टाचणीच्या टोकाएवढी. सोमवारी सकाळच्या मालात येतात, दुपारनंतर नाहीत. सगळे म्हणतात साच्याची वाळू खराब. वाळू खराब असती तर दुपारीही आली असती की नाही? मला वाटतं, रस ओतायची ती लॅडल रविवारभर थंड पडते, तिच्या आतल्या अस्तराला ओल धरते. पोलंडचे एक कोवाल्चिक म्हणून आहेत, त्यांनी यावर लेख लिहिलाय. पण लॅडल किती तापवायची, तेच दिलेलं नाही!”

ती थांबली. धाप लागली होती तिला.

“हे लिही.”

“इंग्रजीत? मला एवढं सफाईदार...”

“येतं तेवढ्यात.”

सर डोळे मिटून बसले. शलाकाने लिहिलं, पुसलं, परत लिहिलं. फोन मधेच वाक्यं सुधारून द्यायला पुढे आला. तिने त्याला बाजूला सारलं. शेवटी पाच-सहा आखूड वाक्यं उरली.

सरांनी वाचली.

“चुका आहेत.”

“सुधारून द्या ना.”

“मला कळलं. भट्टी न पाहिलेल्याला कळलं... पाठव.”

तिने ओठ घट्ट मिटले आणि बटण दाबलं.

पुढच्या आठवड्यात ती जिना चढून आली, ती हसतच.

“कोवाल्चिकांचं उत्तर आलं, सर! तापमान दिलंय, किती वेळ तापवायची तेही दिलंय. सोमवारी मुकादमाशी भांडून तशी तापवून घेतली लॅडल. निम्मी छिद्रं गेली!”

“आणि निम्मी?”

“राहिली. पण मी सोडणार नाही. जाऊ दे ते, गंमत बघा ना. एवढा मोठा माणूस, आणि त्याचंही इंग्रजी चुकतं! पहिल्या ओळीत क्रियापद चुकलंय. इथे स्पेलिंग. आणि हे शेवटचं वाक्य तर धड वाक्यच नाही.”

सरांनी फोन हातात घेतला. शेवटच्या वाक्यावर बोट ठेवलं आणि फोन तिला परत दिला.

“काय म्हणतात ते?”

शलाका वाचू लागली. हसू हळूहळू ओसरलं.

“विचारतायत... रविवारी अस्तराची डागडुजी करता का? ओला लेप लावून?”

“करता?”

“...करतो.”

सरांनी चष्मा काढला.

“तू त्यांचं उत्तर वाचलंस, की तपासलंस?”