कॅप्टन रणदिव्यांची सहा विमानं

चारुता मोहितेला वैमानिक व्हायचं होतं. परवान्यासाठी उड्डाणाचे तास भरावे लागतात आणि चुकीच्या उड्डाण प्रशिक्षण शाळेत अडकलेली मुलं त्यासाठी वर्षानुवर्षं ताटकळतात, हे तिनं ऐकलं होतं. म्हणून ती वडिलांना घेऊन शाळा बघत फिरत होती.

एका शाळेचे संचालक कॅप्टन रणदिवे यांनी दोघांना काचेच्या थंडगार दालनात बसवलं.

"आमच्याकडे सहा विमानं आहेत आणि सगळी रोज उडतात," ते मिशीला पीळ देत म्हणाले. "शेजारच्या जिल्ह्यातल्या शाळेत काय आहे? दोन जुनाट विमानं! तुम्ही आत्ताच सही करा, संध्याकाळी जागा उरणार नाही."

वडिलांनी भारावून पेन काढलं. चारुतानं मात्र खिडकीबाहेर पाहिलं. ती दोघं सकाळी आल्यापासून सहाही विमानं जागची हलली नव्हती.

"सर, मी प्रवेश घेते," ती म्हणाली. "फक्त त्या शाळेला आज समक्ष जाऊन उत्तर द्यायचा शब्द दिलाय. तुमच्या विमानातून मला तिथे घेऊन चला. त्यांना नकार कळवते आणि परत येऊन सही करते."

कॅप्टन चाचरले. "आज जमणार नाही. एकाचं इंजिन उघडलंय, दुसऱ्याचे सुटे भाग यायचेत..."

"उरलेल्या चारांपैकी एखादं?"

"विमान म्हणजे काय रिक्षा वाटली तुला?" कॅप्टन कडाडले.

"छे हो सर," चारुता उठत म्हणाली, "रिक्षा सुरू तरी होते."

वडिलांनी हसू दाबत पेन खिशात टाकलं. दुपारच्या एसटीनं दोघं त्या दुसऱ्या शाळेत गेली आणि त्याच आठवड्यात चारुतानं पहिलं उड्डाण केलं.