छोट्या दीर्घिकेचा पहिला दगड

फार पूर्वी, पृथ्वीचा पत्ताही नव्हता तेव्हा, आकाशाच्या आडबाजूला एक छोटी दीर्घिका राहत होती. दीर्घिका म्हणजे ताऱ्यांचा संसार. पण हिच्या संसारात होतं काय? थोडा वायू आणि भरपूर अंधार. बोलायलासुद्धा कुणी नाही. लांबवर थोरली दीर्घिका झगमगायची, तिच्याकडे पाहून धाकटीचा जीव कासावीस व्हायचा.

एकदा तिला राहवेना. तिने बहुतेक सगळा वायू ओतून मोठमोठे तारे एकदम पेटवले. काय ती रोषणाई! बाई हरखून गेली. पण असले तारे अल्पायुषी. एकापाठोपाठ एक फुटले. त्यांनी पोटात शिजवलेलं लोखंड, चुना, सगळं राख होऊन उडालं. धाकटीची ओढ ती केवढीशी, त्यांना धरून ठेवायला पुरलीच नाही! स्फोटांच्या वाऱ्याने राख घराबाहेर नेली.

"पोरांनो, काहीतरी ठेवून जा रे!" ती ओरडली. ऐकायला त्यांच्यातलं कुणी उरलं नव्हतं.

थोरली म्हणाली, "अगं, कशाला एकटी कुढतेस? ये, माझ्यात मिसळून जा."

"मग मी कुठे उरेन, ताई?"

"उरून करायचंय काय तुला?"

जावं, नाहीतर उरलेला वायू पेटवून पुन्हा एकदा उजेड तरी पाहावा, असं धाकटीला फार वाटलं. तेवढ्यात लहान म्हणून न फुटता मागे राहिलेली एक तांबूस चांदणी म्हणाली, "आई, सगळे एकदम नको. एकेकाला आण. तोवर मी आहे ना."

धाकटीने मन घट्ट केलं. एकच तारा पेटवला. तो गेला तेव्हा वारा बेताचाच सुटला. जात्याभोवतीचं पीठ गोळा करावं तशी तिने त्याची राख वायूत गोळा केली आणि त्यातूनच पुढचा तारा घडवला. मधली वाट पाहणं मोठं कठीण होतं. दोघी मायलेकी अंधारात बसून राहायच्या. कधीकधी धाकटीला रडू यायचं.

अशी युगं लोटली. फार दूर न गेलेली जुनी राखही निवून हळूहळू घरी परतली. मग एक पिवळा तारा जन्मला आणि त्याच्याभोवती काहीतरी टणक, गोल फिरू लागलं.

"आई, हे काय गं?" तांबूस चांदणीने विचारलं.

"दगड आहे, बाळ. आपल्या घरातला पहिला."

तिने तो चाचपला. आत लोखंड लागलं. त्यातलं थोडं तिने ओळखलं.

"हे माझ्या पहिल्या पोराचं," ती म्हणाली आणि पोटभर रडली.

तात्पर्य: एकटेपणाला भिऊन असेल ते एकदम उधळू नये. गेलेल्यांनी मागे ठेवलेलं थोडंथोडं जपत गेलं, की रिकाम्या घरातही एक दिवस काहीतरी उभं राहतं.