कासारणीच्या दारावरची मोहोर

एक होती कासारीण, सकवारबाई. राणीसाहेबांपासून तेलणीपर्यंत सगळ्या गावाला बांगड्या भरायची. शिरू, पाय आवर बघू, माझ्या पोटात खुपसू नकोस. हां. तर हात असा हलका, की बांगडी कधी चढली ते कळायचंसुद्धा नाही.

मग ती म्हातारी झाली. लांबच्या गावी दिलेल्या लेकीचं पहिलं बाळंतपण जवळ आलं. सकवारबाई म्हणाली, "घर विकते नि लेकीकडे जाते. बाळंतिणीला आईच लागते गं बाई!"

पण घराचा सारा, म्हणजे राजाचा कर, थकलेला. राजाचा कारकून आला आणि दारावर लाखेची लालभडक मोहोर लावून गेला. साधीसुधी नव्हे बरं का, बोलणारी! घरात राहा, जेवा, झोपा, काही म्हणायची नाही. पण विकायचं नाव काढलं, की ओरडायची.

सोनार घर घ्यायला आला. मोहोर ओरडली, "आधी राजाचं! घर घेशील तर मीही तुझ्या मानगुटीवर!" सोनार पळाला. मग सावकार आला, घर गहाण ठेवून घ्यायला. "आधी राजाचं, मग तुझं!" तोही पळाला. मग बिचारीने बांगड्यांची पेटी तरी विकावी म्हणून उचलली, तर पेटी उंबऱ्याला चिकटूनच बसली. सकवारबाई ढसाढसा रडली. "माझी पोर वाट बघत असेल," म्हणाली.

तेवढ्यात आली राणीची पालखी. राणीलाही सातवा महिना, हिरवा चुडा भरायचा होता. पण पेटीतून एक बांगडी बाहेर येईना. "आधी राजाचं!"

मग राजा स्वतः आला. "अगं, मीच राजा! सोड!"

"राजा असा नाहीतर कुणी असा, आधी सारा!"

राणी कमरेवर हात ठेवून म्हणाली, "अहो, इतकी वर्षं हिने मला बांगड्या भरल्या. त्याचे पैसे कधी दिलेत का?"

राजाचा चेहरा एवढासा झाला. दिलेच नव्हते! आणि सकवारबाईने मागितलेही नव्हते. राजाकडे कसं मागायचं, म्हणून गप्प. भीड भिकेची बहीण म्हणतात ना, ते हेच.

राजाने तिथल्या तिथे थैली तिच्या ओटीत रिकामी केली. तिने त्यातून सारा भरला. तशी मोहोर टपकन गळून पडली. दार मोकळं!

मग राणीचा चुडा भरला. घर सोनाराने घेतलं. आणि राजाच्या रथात बसून सकवारबाई लेकीकडे पोचली. लेक कळा देत होती. आईचा हात हातात आला तशी म्हणाली, "आई, आलीस! आता मला भीती नाही."

पहाटे नात झाली, गोरीपान. सगळी सुखाने राहिली. आता तुम्हीही मिटा डोळे, सोन्यांनो.