थोरलीच्या मागं उभा राहिलेला सटवा

फार वर्षांपूर्वीची गोष्ट. किती वर्षांपूर्वीची ते मला विचारू नका. मी विचारलं होतं, तेव्हा माझ्या चुलत्यानं तोंडातलं पान थुंकलं आणि "गडावर माणसं राहायची तेव्हाची" एवढंच सांगितलं. तर निंबळगडावर तेव्हा माणसं राहायची. गडाच्या पायथ्याला आमची निंबळवाडी होती, आणि वाडीच्या उगवतीला, ओढ्याकाठी, दोर वळणाऱ्या सटवाचं घर होतं.

सटवा अंबाडीचे दोर वळायचा. मोटेचा नाडा, बैलांची दावी, कड्यावरून ओझी चढवायचे सोल, सगळं त्याच्या हातचं. त्याचा दोर तुटलेला कुणी पाहिला नव्हता. सटवाच्या दोरानं हत्ती बांधा आणि खुशाल झोपा, असं लोक म्हणायचे. आता आमच्या वाडीत हत्ती कुठनं यायचा? पण बोलायला काय जातं!

त्याला एकच खोड होती. त्याला प्रश्न पडायचे. घागर भरत आली की तिचा आवाज का बदलतो? पाण्यात काठी बुडवली की वाकडी का दिसते? विचार करता करता अंबाडी हातातच राहायची. त्याची बायको ठकू वैतागून म्हणायची, "अवो, जगाला न पडणारे प्रश्न तुम्हालाच कसे पडत्यात?" तर सटवा त्यावरही विचार करत बसायचा.

गडाच्या माथ्यावर एक तोफ होती. तिचं नाव थोरली. थोरली का, तर ती घरातल्या थोरल्या जावेसारखी कुणाचं म्हणून ऐकायची नाही. तोफ उडाली की गोळा पुढं जातो, हे सगळ्यांना दिसतं. पण तोफ तेवढ्याच जोरानं मागं येते, हे तिच्यामागं उभा असलेल्यालाच कळतं, आणि बरेचदा ते सांगायला तो उरत नाही. थोरलीचा बुरूज पडला अरुंद. मागं बारा हात फरशी, आणि फरशी संपली की खाली पाण्याचं खोल टाकं. थोरली मागं सुटली तर गाड्यासकट टाक्यात जायची. म्हणून तिचा गाडा दोरानं बुरुजाच्या लोखंडी कड्यांना करकचून बांधत. दर एक-दोन बारांनी दोर तुटायचा. शेवटी किल्लेदार सुभानरावांनी सटवाला बोलावलं आणि मनगटाएवढा जाड दोर वळून घेतला.

पहिल्याच बाराला तो तुटला.

तुटलेलं टोक सापासारखं उसळलं आणि बाजूला उभ्या असलेल्या कादरच्या छातीवर बसलं. कादर हा थोरलीच्या गोलंदाजाचा, हैदरचा, धाकटा भाऊ. तो जागच्या जागी गेला. गाड्याचं एक चाक मोडलं म्हणून थोरली टाक्याच्या काठावर अडकून राहिली, नाहीतर तीही गेली होती. हैदरनं सटवाकडं बघितलं आणि म्हणाला, "तुझ्या दोरानं माझा भाऊ नेला." त्या दिवसापासून त्यानं सटवाशी बोलणं टाकलं.

तेवढ्यात बातमी आली, की गनीम समोरच्या टेकडीवर तळ टाकायला येतोय. तिथवर गोळा टाकणारी गडावर एकटी थोरलीच होती. सुभानरावांनी सुताराला नवं चाक करायला सांगितलं आणि सटवाला हुकूम दिला, "पंधरा दिवसांत तिप्पट जाड दोर वळ. आणि या खेपेला बत्ती देताना तू स्वतः तिच्यामागं उभा राहायचं. दोर टिकला तर तू टिकशील."

ठकूच्या तोंडचं पाणी पळालं. तिनं गाठोडं बांधलं. "चला, माझ्या माहेरी जाऊ. इथं मरायचंय का?"

"जाऊ की," सटवा म्हणाला. तुटलेल्या दोराची दोन्ही टोकं तो मांडीवर घेऊन बसला होता. "पण ठकू, हा तुटला का गं?"

"चुलीत गेला तुमचा 'का'!" असं म्हणून ती रडायला लागली.

तीन दिवस सटवानं नवा दोर वळायला घेतला नाही. जुन्याचा एकेक पीळ सोडून बघितला. अंबाडी कुजलेली नव्हती, पीळ कुठं सैल नव्हता. हाच दोर विहिरीवर असता तर नातवंडांनीसुद्धा वापरला असता. मग इथं का तुटला?

चौथ्या दिवशी तो पाटलांच्या विहिरीवर गेला होता. मोट ओढताना बैल ज्या उतारावरून जातात, त्याला आपल्याकडं धाव म्हणतात. त्या धावेच्या वरच्या टोकाला खताची भरलेली गाडी उभी होती. बैल सोडलेले होते, आणि चाकाखालचा धोंडा निसटला. गाडी सुटली ती धडधडत धावेवरून खाली. लोक ओरडत बाजूला पळाले. खाली समोर शेताचा बांध होता. गाडी त्या बांधावर अर्धी चढली, थांबली, आणि मुकाट मागं येऊन खाली उभी राहिली. कुणी तिला हात लावला नव्हता. लोक खत गोळा करायला धावले, आणि सटवा मात्र चाकोरीत उकिडवा बसून हसत होता. डोक्यावर परिणाम झाला, असं लोकांना वाटलं.

तिथनं उठून तो सरळ हैदरच्या दारात गेला. हैदरनं दार लावून घेतलं. सटवा बाहेरूनच बोलला.

"हैदरभाई, दोर कच्चा नव्हता. पण आपण तिला जागच्या जागी धरायला गेलो, तिथं चुकलं. दोर मी दिला, म्हणून चूक माझी. कादर काही परत यायचा नाही. पण तिला बांधायचं नसतं, हैदरभाई. तिला दमवायचं असतं. चढावर जाऊ द्या, दमंल, आपली आपण माघारी यील."

 दुसऱ्या दिवशी सकाळी सटवा गडावर पोचला, तेव्हा बुरुजावर हैदर कुदळ घेऊन उभा होता.

सुभानरावांना हे ऐकून हसावं की रागवावं कळेना. "अरे, दोर वळणारा म्हणतो दोर नको!" सगळी सदर हसली. "ठीक आहे. पण मागं तूच उभा राहायचं, ते सुटलं नाही."

"राहीन की, सरकार," सटवा म्हणाला. "दुसरीकडनं मला नीट दिसणार तरी कुठं!"

मग वाडीतल्या माणसांनी माती वाहिली, दगड वाहिले. ठकूनंही गाठोडं सोडलं आणि त्याच कापडाची चुंबळ करून डोक्यावरून पाट्या वाहिल्या, शिव्या देत देत. थोरलीच्या मागं फरशीवर चढ उठला, आठ हात लांब, वर छातीएवढा उंच. चढाच्या माथ्यावर एक माणूस उभा राहील एवढीच सपाट जागा ठेवली, आणि तिच्यामागं टाकं. "एवढा चढ पुरंल का?" हैदरनं विचारलं. सटवा म्हणाला, "ते बत्ती दिल्यावरच कळायचं."

पंधराव्या दिवशी सकाळी समोरच्या टेकडीवर गनिमाचे तंबू दिसले. सटवानं सगळ्या चढावर पांढरी राख पसरली, चाकं कुठवर आली ते नीट दिसावं म्हणून, आणि माथ्यावर जाऊन उभा राहिला. कड्यांना एकही दोर नव्हता. हैदरनं बत्ती उचलली, पण त्याचा हात पुढं होईना. एक भाऊ गेला होता, आता हाही आपल्याच हातानं जाणार, असं त्याला वाटलं.

"हैदरभाई, द्या बत्ती," सटवा वरून ओरडला. "थांबू नका!"

थोरली कडाडली. गड हादरला, टाक्यातलं पाणी काठावरून सांडलं. गाडा चढावरून सटवाकडं सुटला. ठकूनं डोळे मिटले. हैदर ओरडला, "पळ!" सटवा हलला नाही. चाकं राख उधळत वर आली, मंद झाली, आणखी मंद झाली, आणि थोरली सटवाच्या छातीपासून एक वीत अंतरावर थांबली. असं म्हणतात, ती तिथं श्वास घेण्याइतका वेळ उभी राहिली आणि तिनं मान लववली. मग उतरून आपल्या जागी जाऊन उभी राहिली.

त्या दिवशी एकवीस बार झाले. दर वेळी थोरली त्याच एका वितीच्या खुणेवर थांबली, आणि दर वेळी सटवा तिथंच उभा होता. संध्याकाळपर्यंत टेकडीवरचे तंबू उठले. सटवाच्या पायाखालची माती दगड झाली आणि त्यात त्याची पावलं उमटली, असं म्हणतात. पावलं आहेत, ती मी बघितली आहेत. बाकीचं तुम्ही ठरवा.

शेवटचा बार झाल्यावर हैदर चढ चढून वर गेला. त्यानं सटवाचे दोन्ही खांदे धरले आणि विचारलं, "पळाला का नाहीस?"

सटवाला प्रश्नच नवा वाटला. "बघायचं होतं," तो म्हणाला. "कुठं थांबती ते." आणि मग एकदम त्याचा बांध फुटला. "हे आधी बघितलं असतं तर कादर वाचला असता, हैदरभाई." दोघंही तिथं चढावर बसून पोटभर रडले.

सटवा म्हातारा होऊन आपल्या घरी मेला. गड ओस पडला. पण थोरली अजून आहे, आणि चढही आहे. दसऱ्याला आमच्या वाडीत तिची पूजा होईपर्यंत कुणी कशालाच गाठ मारत नाही. बैल मोकळे हिंडतात, तोरणं खुंटीला नुसती अडकवतात, आणि बायका केस मोकळे सोडून गड चढतात. परका माणूस बघून चक्रावतो. वर गेल्यावर चढावर राख पसरतात. हैदरच्या घराण्यातला थोरला माणूस पहिलं फूल कादरच्या नावानं ठेवतो, मग माथ्यावर जाऊन त्या दोन पावलांसमोर उभा राहतो आणि मोठ्यानं विचारतो,

"सटवा, पळाला का नाहीस?"

आणि सगळी वाडी, म्हातारेकोतारे, कडेवरची पोरं, त्याच वर्षी लग्न होऊन आलेल्या सुना, एका आवाजात ओरडते, "बघायचं होतं!"

मग आम्ही घरी येतो आणि बैल बांधतो. बांधताना दाव्याला एक वीत ढील ठेवतो.