देवाची मूठ

ऐका गं पोरींनो, ऐका रे पोरांनो, आणि मागे जो चुळबुळ करतोय ना, त्यानंही ऐकावं. गोष्ट रडवणारी आहे, पण ऐकावी अशी आहे.

माळावर ख्रिस्ती लोकांचं एक चिमुकलं कौलारू देऊळ होतं. देवळामागे इवलीशी बाग होती आणि बागेपलीकडच्या खोपटात रिबका नावाची मुलगी आईबरोबर राहायची. बाप कधीच देवाघरी गेला होता. आई लोकांच्या गोधड्या शिवायची, पण आता तीच गोधडीखाली निपचित पडली होती. तापात तिची वाचा गेली, डोळे मिटले ते मिटलेच. वैद्यबुवा नाडी बघून नुसती मान हलवून गेले. रिबका उशाशी बसून हाका मारायची, "आई, ए आई!" आई ओ द्यायची नाही. फार वाईट दिवस होते ते.

तरी घरातली एक रीत रिबकानं मोडली नाही. भाकरीला पीठ घेतलं की आधी एक मूठ काढून कोनाड्यातल्या मडक्यात टाकायची. मडक्यावर आईनं चुन्यानं पांढराशुभ्र क्रूस काढला होता. ती देवाची मूठ! रविवारी ती देवळात न्यायची आणि पाळकबाबांनी गरिबांना वाटायची. पोटात कावळे ओरडले तरी त्या मडक्याला हात लावायचा नाही. आणि शास्त्राचं पाठांतर म्हणाल तर रिबकासारखं कुणाचंच नाही. वचनं अशी घडाघडा म्हणायची की पोपटानं लाजावं.

एका दुपारी ती बागेत सोनचाफ्याखाली मुसमुसत बसली होती. तेवढ्यात एक पिवळीधमक कळी हळूच उमलली आणि आतून बोटभर उंचीची परी बाहेर आली. झगा अबोली रंगाचा, पंख मोरपिशी, केसांत दवाचे थेंबुकले लुकलुकणारे.

"का रडतेस गं बाळे?"

"माझी आई मला सोडून चाललीय. तू परी आहेस ना? तिला बरं कर ना गं!"

परीचेच डोळे भरून आले. "मी देव नाही गं. त्याच्या बागेत फुलं उमलवणारी मी. मरण मागे सारायची सत्ता माझ्याकडे नाही. पण एक संध्याकाळ तुला देता येईल. आई डोळे उघडेल, बोलेल, हसेल, तिला काही दुखणार नाही. मग मात्र तिला जावं लागेल."

एकच संध्याकाळ! रिबकाला हुंदका आवरेना. तरी ती म्हणाली, "दे. तेवढी तरी दे."

"अट आहे हं. तुझ्या घरात देवाचं जे आहे ते आज त्याला पोचव, आणि संध्याकाळच्या घंटेच्या आत माझ्याकडे परत ये. घंटा झाली की हा चाफा मिटला."

एवढंच ना? रिबका धावत घरी गेली, मडकं उचललं आणि देवळाकडे निघाली. पायरीवर एक म्हातारी बसली होती, ठकूबाई तिचं नाव. लोकांच्या गुळगुळीत झालेल्या जात्यांना छिन्नीनं टाकी लावत गावोगाव हिंडायची, आता हातात बळ उरलं नव्हतं.

"पोरी, मूठभर दे गं. पोटात कायबी न्हाई."

"आजी, ही देवाची मूठ आहे. दुसऱ्या कुणाला देता येत नाही," असं म्हणून रिबका तिला ओलांडून आत गेली. बघा! गुणाची पोर, पण चुकली. चांगलीच चुकली.

मडकं वेदीवर ठेवून ती बागेत आली, तर परीचे पंख फिके पडलेले. "पोचलं नाही गं."

"असं कसं? वेदीवर ठेवलं की मी!"

"वेदीला भूक लागते का? रविवारी पाठांतराचं बक्षीस मिळालं ना तुला, ते वचन म्हण बघू."

रिबका म्हणू लागली. भुकेल्याला घास दिला की तो प्रभूलाच दिला... आणि मध्येच थांबली. तोंड एवढंसं झालं. "अगं बाई! तो प्रभूच तर पायरीवर बसला होता!"

ती सुसाट धावली. वेदीवरचं मडकं घेऊन बाहेर आली, तर पायरीवर कुणी नाही. ठकूबाई विहिरीजवळ चिंचेखाली कोसळली होती. रिबकानं तीन दगड मांडले, पाळकबाबांच्या चुलीतला निखारा आणला, काटक्या पेटवल्या आणि मडक्यातच पाणी ओतून पिठाची पातळ कांजी शिजवली. पांढराशुभ्र क्रूस धुरानं काळाकुट्ट झाला. मग म्हातारीचं डोकं मांडीवर घेऊन ती पानाच्या द्रोणानं घोट घोट पाजू लागली.

सूर्य टेकडीला टेकला. बाग तर समोरच होती, पण उठू लागताच ठकूबाईनं तिचा हात घट्ट धरला. "जाऊ नगं गं माये."

रिबका बसली. ठण, ठण, घंटा झाली. गेली आपली संध्याकाळ! तिच्या डोळ्यांतून टिपं गळू लागली, पण पाजणारा हात थांबला नाही.

तेवढ्यात द्रोणाच्या काठावर अबोली उजेड पडला. परी!

"मी आले नाही गं वेळेत," रिबका रडत म्हणाली.

"तू आली नाहीस, म्हणून मी आले. चाफा माझ्यामागे मिटला, आता मला ते घर नाही. ऊठ, आई वाट बघतेय."

खोपटात आई उठून बसली होती! "रिबे, भूक लागलीय गं." उरलेली कांजी मायलेकींनी एकाच वाटीतून प्यायली. रिबकाच्या नाकावरची काजळी बघून आई खळखळून हसली. तिनं लेकीची वेणी घातली, घट्ट, आवडते तशी. मग वेणी हातातच धरून तिनं विचारलं, "माझ्यामागे तुला कोण गं बाळा?"

कांजीनं तरतरी येऊन मागोमाग आलेली ठकूबाई दारात उभी होती, भिंतीला धरून. "मी हाय की बाई. हिला कुणी न्हाई, मलाबी कुणी न्हाई. हिनं मला उचललं, आता मी हिला कशी टाकीन?"

आईनं तिचा हात धरला आणि बराच वेळ सोडला नाही.

पहाटे परीनं आईच्या बोटाला धरलं. खोपटात सोनेरी उजेड दाटला, गोधडीचा एकेक टाका चमकला, आणि उजेड ओसरला तेव्हा परी नव्हती, आईही नव्हती. रिबका खूप रडली. ठकूआजीनं तिला रडू दिलं.

त्यानंतर त्या घरातली देवाची मूठ रविवारची वाट बघत बसली नाही. दारी कुणी भुकेला आला आणि मडक्यात हात घातला, की पीठ असायचंच. मडकं घासताना ठकूआजी कुरकुरायची, "ह्या क्रूसावरचं काळं काय निघंना बाई!"

"राहू दे आजी," रिबका म्हणायची. "त्या दिवशी तो जेवला होता."