केरबाने सर पारखले

एका गावात केरबा नावाचा एक भोळा माणूस होता. भोळा हा शब्द गावाने त्याच्या तोंडावर वापरायला ठेवला होता. पाठीमागचा शब्द वेगळा होता.

केरबाची मुलगी प्रणिता बारावीला चांगल्या मार्कांनी पास झाली. तिला शेतकी कॉलेजात जायचं होतं. अर्ज तिने मोबाइलवर स्वतःच भरला. पण तालुक्याला इंगवले सर होते, आणि प्रवेश मिळवायचा तर सल्ल्याला सर धरावे लागतात असं सगळं गाव म्हणत होतं. सर धरावे की न धरावे, या विचाराने केरबाची झोप उडाली.

बायको अक्काताई म्हणाली, "आधी पारखून बघा. बैल घेताना बघताय की न्हाई?"

केरबा तालुक्याला गेला. सरांना म्हणाला, "आ करा."

सरांनी आ केला. फी मिळणार असली की सर काहीही करत. केरबाने दात मोजले, पाठीवर थाप मारली, खोलीभर चालवून बघितलं. शेपटी नव्हती, म्हणून ती पिरगाळायची राहिली.

"एक दाढ पडलीय," केरबा म्हणाला.

"दाढेचं सोडा हो," सर म्हणाले. "ज्याला कुणी आत घेत नाही, त्याला आम्ही आत घालतो. ते आमचं काम."

केरबा विचार करायला घरी आला. अक्काताईने कपाळाला हात लावला. "माणसाचं दात बघत्यात व्हय? घरी बोलवायचं, पाटावर बसवायचं, पोहे द्यायचे, घरदार इचारायचं."

"आता ध्यानात ठेवतो," केरबा म्हणाला. आणि त्याने ठेवलं, हेच वाईट झालं.

पोरगी शिकायला जाणार, घरात चार पैसे यायला हवेत, म्हणून होती नव्हती ती शिल्लक घेऊन तो म्हैस आणायला बाजारात गेला. जाताना पाट नेला, डब्यात पोहे नेले. एका म्हशीपुढे पाट मांडला. म्हैस बसली नाही. पोहे मात्र तिने डब्यासकट चाटले.

"भाऊ किती? आई-वडील काय करत्यात?" केरबाने विचारलं.

म्हैस गप्प राहिली. केरबाला वाटलं, चांगल्या घरची आहे, लाजते. दात बघणं आता असभ्यपणाचं होतं. पावती मागायचं तर कुणी शिकवलंच नव्हतं. विकणाऱ्याने पैसे घेतले आणि तो चपळाईने गर्दीत मिसळला.

तिसऱ्या दिवशी म्हशीचा खरा मालक पोलीस घेऊन आला आणि म्हैस घेऊन गेला. म्हैस चोरीची होती.

अक्काताई रडली, मग ओरडली. "कागद बघितल्याबिगर कायबी दारातनं आत घ्यायचं न्हाई! कळलं?"

"कळलं," केरबा म्हणाला. काठी घेऊन तो उंबऱ्यावर बसला. अक्काताई शेतात भांगलणीला निघून गेली.

पोरीचं नाव कॉलेजच्या यादीत लागलं होतं, आणि तो प्रवेशाचा शेवटचा दिवस होता. प्रणिता सकाळीच कॉलेजात गेली होती. तिथे सांगितलं, झेरॉक्स चालत नाही, असल कागद आणा. ती धापा टाकत घरी आली.

"बाबा, वाट सोडा. असल कागद पेटीत आहेत. पाचाच्या आत दाखवले न्हाईत तर माझी जागा दुसऱ्याला जाईल."

"कागद दाखव आन् आत जा."

"कागद आत आहेत."

"मग आत कशी जाशील? तुझ्याकडं कागद न्हाईत."

प्रणिता रडायला लागली. या पोरीवर केरबाचा फार जीव होता. पण कागद नव्हते, त्याला तो तरी काय करणार? आणि मग त्याला इंगवले सर आठवले. ज्याला कुणी आत घेत नाही, त्याला सर आत घालतात. इतके दिवस सुटत नव्हतं ते कोडं एका क्षणात सुटलं.

"तू हितंच थांब," तो म्हणाला. "मी सरास्नी आणतो." आणि सायकलवर टांग मारून गेला.

प्रणिताने उघड्या दाराकडे पाहिलं. डोळे पुसले, आत गेली, पेटीतले कागद घेतले आणि मिळेल त्या वडापच्या जीपमध्ये बसून तालुक्याचं कॉलेज गाठलं.

केरबा सरांना घेऊन आला, तेव्हा पेटी उघडी होती आणि पोरगी नव्हती. सरांनी काही विचारलं नाही. अशा वेळी काही विचारायचं नसतं, हे त्यांचं शिक्षण पक्कं होतं. ते बाजेवर बसले आणि चहा मागितला.

दिवेलागणीला अक्काताई शेतातून आली. तिच्या मागोमाग प्रणिता आली. प्रवेश झाला होता.

"अभिनंदन," सर म्हणाले. "झालं की नाही आपलं काम?"

केरबाने त्यांचे पाय धरले. "सर नुसतं निघालं, तर पोरगी घरात शिरली. दारात पोचलं, तर पार कॉलेजात गेली."

"बाबा, मी माझी मी गेले," प्रणिता म्हणाली.

"गप. उपकार इसरू नयेत."

फी द्यायला घरात पैसा नव्हता, तो म्हशीत गेला होता. म्हणून केरबाने गोठ्यातली एकुलती एक दुभती गाय सोडली आणि दावं सरांच्या हातात दिलं. अक्काताई आडवी आली, पण केरबा आज कुणाचं ऐकणार नव्हता.

सरांनी नको नको म्हटलं नाही. त्यांनी आधी गाईचं तोंड उघडलं आणि सगळे दात मोजून घेतले.

केरबाला फार बरं वाटलं. तो बायकोला म्हणाला, "बघ. माणूस जाणता हाय."