मशीन दमली आहे

“जुन्या वस्तू टिकायच्या, अप्पा. आताच्या टिकत नाहीत. असं का?”

अप्पा शेंगा फोडत होते. मान वर केली नाही.

“तू सांग. तूच शिकून आलीस.”

शाल्मली बिराजदार खरोखर तेच शिकून आली होती. सहा वर्षं, जर्मनीत. घरातली यंत्रं का मोडतात, आणि ती मोडावीत अशी कोण बनवतं. लातूरकडच्या या मठात, तो सांभाळणाऱ्या अप्पांपुढे बसून तिनं पहिली अक्षरं गिरवली होती. आता परत आली होती ती देशाला जागं करायला. त्याहून कमी काही करायचं तिच्या मनात नव्हतं.

पुण्यात प्रदर्शन भरायचं होतं. आजी-आजोबांच्या काळातले पंखे, इस्त्र्या, रेडिओ काचेच्या पेट्यांत मांडायचे. मधली, सगळ्यांत मोठी पेटी तिनं मठातल्या जुन्या मिक्सरसाठी राखली होती. हिरव्या रंगाचा, बिडाच्या बुडाचा. मठात सगळे त्याला नुसतं ‘मशीन’ म्हणत. शाल्मली जन्मायच्या आधीपासून ती मशीन तिथं होती.

तिला वाटलं होतं, मशीन कुठंतरी अडगळीत पडली असेल. शोधावी लागेल, धूळ पुसावी लागेल, तिची थोरवी मठातल्यांना समजावून सांगावी लागेल.

मशीन चुलीशेजारी होती. शेंगदाण्याची चटणी वाटत होती. आणि तिच्याकडे कोणी वळूनही बघत नव्हतं.

“आताच्या वस्तू मोडण्यासाठीच बनवतात,” शाल्मली म्हणाली. “आत प्लास्टिकचे दाते घालतात. बूड चिकटवून टाकतात, म्हणजे कोणी उघडू नये. मोडली की फेका आणि नवी घ्या.”

“खरं आहे,” अप्पा म्हणाले. “कोठीत जाऊन बघ.”

कोठीत भक्तांनी दिलेले मिक्सर ओळीनं बसले होते. लाल, पांढरा, जांभळा. एकही चालत नव्हता. शाल्मलीनं त्यांचे फोटो काढले आणि लढाई जिंकल्यासारखी बाहेर आली.

“मग मशीन नेऊ मी? उद्या सकाळी पुण्याहून गाडी येतेय. बदली म्हणून नवा मिक्सर आणलाय.”

“माझी असती तर दिली असती...”

“मग कोणाची आहे?”

अप्पांनी हनुवटीनं चुलीकडे दाखवलं.

मठात प्रत्येकाला एक काम नेमून दिलेलं असे. त्याला कायक म्हणत, आणि त्याचा मान पूजेइतका. शेंगा फोडणं हे अप्पांचं कायक. मशीन चालवणं हे चुलीशी बसलेल्या निलव्वाक्काचं. तिच्या आधी तिच्या सासूचं. दुसऱ्या कोणी मशीनला हात लावत नसे.

निलव्वाक्का मशीन थोडी फिरवायची, बंद करायची आणि बुडावर तळहात ठेवायची. गरम लागलं की पदर सावरून स्वस्थ बसायची. बाहेर पंगत ताटं मांडून बसलेली असायची.

“अक्का, चटणी?” बाहेरून आवाज आला.

“मशीन दमली आहे.”

“आम्हीपण दमलोय.”

“मग बसा की. तीपण बसलीय.”

पंगत हसली. आणि थांबली.

“एवढी माणसं रोज एका मशीनसाठी थांबतात?” शाल्मलीनं विचारलं.

“तूपण थांबायचीस,” अप्पा म्हणाले. “रडायचीस. पण थांबायचीस.”

शाल्मली निलव्वाक्कापुढे जाऊन बसली. काचेची पेटी, दिवे, बघायला येणारी माणसं, सगळं सांगितलं. निलव्वाक्कानं ऐकून घेतलं.

“तिकडं तिच्यावर वाटणार कोण?”

“कोणी नाही, अक्का. तिला आता काम नाही. नुसता मान.”

“नुसता मान...”

निलव्वाक्कानं पदराच्या टोकानं मशीनचा हिरवा रंग पुसला. मग तिचा चेहरा खुलला.

“सासू म्हणायची, ही मशीन कोणाच्या बापाच्यानं मोडायची नाही. तिकडं लोकांना सांगशील हे?”

“पाटीवर लिहीन.”

“मग ने.”

शाल्मलीला इथंच थांबता आलं असतं. पण बाहेर पंगत बसलेली होती, आणि एवढे श्रोते तिला जर्मनीतही कधी मिळाले नव्हते.

तिनं ओसरीवर पाट मांडला. एका बाजूला मशीन, दुसऱ्या बाजूला नवा मिक्सर. दोन्हींत काठोकाठ भाजलेले शेंगदाणे.

“बघा आता,” ती म्हणाली. “एक आपल्या आजोबांच्या काळातली. एक कालची.”

दोन्ही बटणं तिनं एकदम दाबली.

नवा मिक्सर किंचाळला, थरथरला, आणि टक् करून गप्प झाला.

मशीन घरघरत राहिली.

पंगतीत टाळ्या पडल्या. एक म्हातारा उठून उभाच राहिला. “आमची मशीन आहे ती,” तो नव्यानं आलेल्या पाहुण्याला सांगू लागला. “आमची.”

शाल्मलीचा ऊर भरून आला. सहा वर्षं जे वाचलं, जे परक्या लोकांपुढे मांडलं, ते इथं तिच्या गावच्या ओसरीवर गरजत होतं.

निलव्वाक्का पुढे आली. तळहात बुडाकडे नेला.

“आज नको, अक्का,” शाल्मलीनं तो हात हलकेच बाजूला केला. “आज तिला धावू दे.”

“बंद कर,” अप्पा म्हणाले.

“थोडं थांबा, अप्पा. ही थांबणारी नाही.”

असली यंत्रं सलग चालवायची नसतात, हे तिला पाठ होतं. या विषयावर तिनं परीक्षा दिली होती.

आधी वास आला. मग बुडाखालून धुराची बारीक रेघ. मग घरघर खाली खाली गेली...

आणि थांबली.

म्हातारा खाली बसला.

तेवढ्यात पाहुण्यानं नवा मिक्सर उलटा केला, जास्त भार आला की आपोआप उडणारं बुडाचं लाल बटण दाबलं, वाटीभर शेंगदाणे काढून घेतले आणि तो परत चालू केला. तो चालला. त्या दिवशी पंगत त्याच्याच चटणीवर जेवली.

शाल्मली जेवली नाही.

निलव्वाक्कानं मशीन उचलून चुलीशेजारी नेली. जागेवर ठेवली. बुडावर तळहात ठेवला आणि पदर सावरून बसली.

“अक्का...” शाल्मली तिच्याशेजारी बसली. “अक्का, ती आता...”

“गरम आहे. थांब.”

शाल्मली थांबली. बूड गार झालं. निलव्वाक्का उठली नाही.

दुपार कलली तशी शाल्मली अप्पांसमोर येऊन बसली. अप्पांनी शेंगांचं सूप तिच्याकडे सरकवलं. तिनं एक शेंग घेतली. फोडली नाही.

“गाडी सकाळी येणार ना?” अप्पांनी विचारलं.

“हो.”

“मग ने की मशीन.”



“अप्पा, ती जळलीय.”

“बाहेरून कुठं दिसतंय? रंग तसाच आहे. काचेत ठेवलेली वस्तू कोण चालवून बघतंय?”

शाल्मलीनं हातातली शेंग सुपात परत टाकली.

“पाटी तयार आहे?”

“आहे.”

“काय लिहिलंस?”

तिनं मान खाली घातली.

“‘अजूनही चालते.’”

अप्पांनी आणखी एक शेंग फोडली.

“अक्षर चांगलं असेल. लहानपणापासून चांगलं आहे तुझं.”

त्यावर तिला रडू आलं. लहानपणासारखंच.

सकाळी गाडी आली. ड्रायव्हरनं खोकं उतरवलं, आत मऊ फोम अंथरलेला.

“ताई, मधल्या पेटीचं सामान कुठंय?”

शाल्मली चुलीशेजारी मांडी घालून बसली होती. समोर मशीन पालथी. तिनं बुडाचे स्क्रू काढले होते. जुनी असल्यामुळे ते निघाले. आतल्या मोटरची जळकी, काळी पडलेली तांब्याची तार ती वेढा वेढा उलगडत होती. निलव्वाक्का प्रत्येक सुटा भाग पुसून कापडावर मांडत होती आणि कुठला भाग कुठून निघाला ते मोठ्यानं म्हणत होती.

“ती द्यायची नाही,” शाल्मली म्हणाली.

“मॅडमनी तर सांगितलंय, मेन वस्तू तीच आहे.”

“मॅडम मीच आहे.”

ड्रायव्हर गोंधळला. “मग त्या पेटीत काय ठेवायचं?”

“रिकामी राहू दे.”

“आणि लोकांनी विचारलं तर?”

शाल्मलीनं मान वर केली. कालपासून पहिल्यांदाच तिची मान ताठ होती. गालाला काजळी लागली होती.

“सांगा, मशीन कामात आहे.”

निलव्वाक्का पदराआड हसली. “ऐकलंस ना रे? कामात आहे म्हणावं.”

ड्रायव्हरनं खोकं परत गाडीत टाकलं. जाताना त्यानं मठाला हात जोडले, आणि काय वाटलं कोण जाणे, मशीनलाही जोडले.

अप्पा दारात उभे होते.

“जमेल तुला?”

“माहीत नाही. मी शिकलेय सगळं, पण हातानं तार कधी गुंडाळलेली नाही. नवी तार लातूरहून आणावी लागेल. पहिल्यांदा चुकेलच.”

“मग?”

“परत उलगडीन.”

“पुणं?”

“पुणं थांबेल.”

“आणि पंगत?”

शाल्मलीनं निलव्वाक्काकडे पाहिलं. निलव्वाक्कानं शाल्मलीचा काळा झालेला हात धरला आणि मशीनच्या मोकळ्या, गार बुडावर ठेवला.

“पंगतीला सांगते मी,” शाल्मली म्हणाली. “मशीन दमली आहे.”

अप्पांनी कापडावर पसरलेले सगळे भाग पाहिले. जळकी तार, काळं पडलेलं बूड, सुटे स्क्रू. बराच वेळ पाहिले.

“टिकली म्हणायची,” ते म्हणाले.